पीडीएफ वाचन व संपादनासाठी सॉफ्टवेअरची निवड : वैद्याच्या दृष्टीने विचार

संहिता व त्यांवरील टीकांच्या छायाप्रती, परिसंवादांतील शोधनिबंध, शासकीय परिपत्रके, प्रयोगशाळांचे अहवाल आणि रुग्णपत्रके हे सारे साहित्य आज बहुधा पीडीएफ या स्वरूपात आपल्या हाती येते. ग्रंथालयात जाऊन पाहावी लागणारी संहिता आता चिकित्सालयातील संगणकावर उघडता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र हे साहित्य ज्या साधनाने वाचावयाचे व हाताळावयाचे, त्या साधनाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. कोणी सुचविले, कोठे फुकट मिळाले, एवढ्यावरच निवड होते.

'पीडीएफसाठी सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?' असा प्रश्न वैद्यबांधव वारंवार विचारतात. आमच्या मते हा प्रश्न 'सर्वांत चांगले औषध कोणते?' या प्रश्नासारखाच आहे. कोणत्या रुग्णासाठी, कोणत्या अवस्थेत, कोणत्या कार्यासाठी, हे ठरल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम पीडीएफचे स्वरूप, नंतर आपल्या कामाचे प्रकार, त्यानंतर निवडीचे निकष आणि शेवटी काही प्रत्यक्ष परीक्षा, या क्रमाने विषय मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. पीडीएफची प्रकृती

पीडीएफ म्हणजे 'पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट'. अ‍ॅडोबी या कंपनीने १९९३ साली तो प्रचारात आणला. २००८ साली त्यास आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. म्हणून आज हा प्रकार कोणा एका कंपनीच्या साधनावर अवलंबून नाही. अनेक संस्थांची सॉफ्टवेअर तो वाचू शकतात आणि म्हणूनच निवडीचा प्रश्न निर्माण होतो.

या प्रकाराचा मूळ हेतू असा, की लिहिणाऱ्याने जसे पान मांडले तसेच ते कोणत्याही संगणकावर दिसावे व कोणत्याही मुद्रणयंत्रावर उमटावे. त्यामुळे पीडीएफमध्ये प्राधान्याने 'कोणती आकृती पानावर कोठे काढावयाची' याची नोंद असते. परिच्छेद कोठे संपला, कोणते अक्षर कोणत्या शब्दातील, याची नोंद असेलच असे नाही. पीडीएफ ही छापून बाहेर पडलेल्या पुस्तकासारखी सिद्ध वस्तू आहे, कच्चे हस्तलिखित नव्हे. हे तत्त्व ध्यानी ठेवल्यास पुढील पुष्कळ अडचणींचे निदान आपोआप होते.

व्यवहारात पीडीएफ फाइली तीन प्रकारच्या आढळतात. पहिला प्रकार संगणकावर टंकलिखित करून थेट तयार केलेल्या फाइलींचा, ज्यात अक्षरे अक्षरे म्हणूनच असतात. दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पानांचा, ज्यात प्रत्येक पान हे केवळ एक छायाचित्र असते. तिसरा मिश्र प्रकार, ज्यात वर छायाचित्र असते आणि त्याखाली, डोळ्यांना न दिसणारा, यंत्राने ओळखून लिहिलेला मजकूर असतो. यंत्राने अक्षरे ओळखण्याच्या या क्रियेस ओसीआर म्हणतात. आपल्या जुन्या ग्रंथांच्या प्रती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारच्या असतात.

२. कार्यभेद

पीडीएफसंबंधी आपली कामे चार गटांत विभागता येतात.

अ) वाचन : फाइल उघडणे, पाने चाळणे, शब्द शोधणे, छापणे.
आ) टिपण : ओळी रंगविणे, समासात टीप लिहिणे, खूण करणे. यात मूळ मजकूर बदलत नाही.
इ) पानांची मांडणी : पाने वेगळी काढणे, दोन फाइली जोडणे, आडवे पान सरळ करणे.
ई) मजकुरात बदल : शब्द खोडणे, घालणे, झाकणे.

वैद्याचे बहुतेक काम पहिल्या तीन गटांत संपते, आणि त्यांसाठी विनामूल्य व विश्वसनीय साधने उपलब्ध आहेत. चौथ्या गटासाठीच महागडी साधने लागतात, आणि खरा धोकाही याच गटात आहे. म्हणून मजकूर बदलावयाचा असल्यास शक्यतो ज्या मूळ फाइलीतून पीडीएफ तयार झाली तीत बदल करावा व नवी पीडीएफ काढावी. आपल्याच चिकित्सालयाचे माहितीपत्रक असेल तर मूळ वर्ड फाइल जपून ठेवणे हे कोणतेही संपादन-सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा हितावह होय.

प्रयोगशाळेचा अहवाल किंवा दुसऱ्या चिकित्सकाचे पत्र यांच्या पीडीएफमधील मजकुरास मात्र कधीही हात लावू नये. आपले मत वेगळे असल्यास ते दिनांक व स्वाक्षरीसह स्वतंत्र पानावर लिहून जोडावे.

३. द्रव्याच्या चार गुणांची कसोटी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चतुष्पादाचे वर्णन आहे. त्यात द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यता, अनेकविधकल्पना आणि संपत्. सॉफ्टवेअर हेही वैद्याच्या हातातील एक साधनच असल्याने हीच कसोटी येथे लावून पाहण्यास हरकत नाही.

बहुता म्हणजे विपुल उपलब्धता. साधन आपल्या सर्व संगणकांवर, किमान मदतनीस वापरतात त्या संगणकावरही चालावे. शुल्क भरणे बंद होताच आपण केलेल्या टिपा वाचता येणार नाहीत, अशी अवस्था नसावी.

योग्यता म्हणजे कार्यास अनुरूपता. जुन्या, कमी शक्तीच्या संगणकावर हजार पानांची स्कॅन केलेली संहिता उघडावयाची असेल तर हलके साधन हवे. विंडोजवर चालणारे सुमात्रा पीडीएफ हे या दृष्टीने उत्तम आहे. ते विनामूल्य असून आकाराने लहान आहे, आणि जुने ग्रंथ ज्या 'डीजेव्हीयू' प्रकारात मिळतात तो प्रकारही ते उघडते. क्रोम, एज, फायरफॉक्स हे ब्राउझरही पीडीएफ दाखवितात. किरकोळ वाचनासाठी तेवढे पुरेसे आहे.

अनेकविधकल्पना म्हणजे अनेक रूपांत उपयोगी पडणे. एका साधनाने केलेले टिपण दुसऱ्या साधनात दिसले पाहिजे. काही साधने, विशेषतः मोबाइलवरील, टिपा पीडीएफमध्ये न ठेवता स्वतःजवळच ठेवतात. मोबाइल बदलला की वर्षभराचा अभ्यास नाहीसा होतो. अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडर आणि ऑक्युलर ही दोन्ही साधने विनामूल्य असून त्यांत टिपा फाइलीतच जतन करता येतात. मॅक संगणकावर 'प्रीव्ह्यू' हे साधन आधीपासूनच असते.

संपत् म्हणजे गुणसंपन्नता, निर्दोषता. साधन आपली फाइल बाहेर पाठविते का, ते नियमित अद्ययावत होते का, ते अधिकृत ठिकाणाहून घेतले आहे का, हे पाहावे. फुकट मिळालेली महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत ही भेसळयुक्त औषधासारखी आहे. तिच्याबरोबर काय आत आले हे कळत नाही. त्याच संगणकावर आपल्या रुग्णांची माहिती असते, हे विसरू नये.

पानांच्या मांडणीसाठी पीडीएफसॅम बेसिक हे विनामूल्य साधन पुरेसे आहे. ते आपल्याच संगणकावर काम करते. क्वचित मजकूर बदलावयाचा असल्यास लिबरऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडता येते. परंतु तेथे प्रत्येक ओळ स्वतंत्र तुकडा होते, आणि मूळ फॉन्ट संगणकावर नसल्यास देवनागरीची मांडणी विस्कटते. ज्यांना नियमितपणे मजकूर बदलणे, ओसीआर करणे व मजकूर झाकणे आवश्यक आहे, उदाहरणार्थ महाविद्यालयीन विभाग वा नियतकालिकाचे संपादक, त्यांनीच अ‍ॅक्रोबॅट प्रोसारख्या सशुल्क साधनाचा विचार करावा.

४. देवनागरीची परीक्षा

इंग्रजी मजकुरावर उत्तम चालणारे साधन देवनागरीवर तसेच चालेल असे गृहीत धरू नये. याची कारणे दोन.

पहिले कारण फॉन्टचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी इत्यादी फॉन्टांत टंकलिखित होत असे, आणि काही ठिकाणी आजही होतो. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. पडद्यावर 'त्रिफळा' दिसले तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक मालिका असते. अशा फाइलीत 'त्रिफळा' शोधल्यास काहीही सापडत नाही. यात शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष नाही.

दुसरे कारण जोडाक्षरे व मात्रा यांचे. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेल्या मजकुराची पीडीएफ होताना आकृतींच्या जागा नोंदविल्या जातात. त्यामुळे उतारा उचलून दुसरीकडे ठेवल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागेपुढे होते, रफार हरवतो, जोडाक्षर फुटते.

परीक्षा सोपी आहे. फाइलीतील एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये ठेवावी व मुळाशी ताडून पाहावी. ओळ शुद्ध आली तर त्या फाइलीतील शोधावर विश्वास ठेवता येईल. अशुद्ध आली तर शोधात शब्द न सापडणे म्हणजे ग्रंथात तो नसणे असा अर्थ काढू नये. एखाद्या द्रव्याचा उल्लेख अमुक संहितेत नाही, असे विधान केवळ शोधाच्या आधारे शोधनिबंधात करणे हे अनुपलब्धीला अभाव मानण्यासारखे आहे.

फाइल शुद्ध असली तरी संस्कृत ग्रंथात शोध घेताना आणखी पथ्य पाळावे लागते. 'गुडूची' हा शब्द शोधल्यास 'गुडूच्यादि' हा समास सापडत नाही, कारण संधीने शेवटचा स्वर बदललेला असतो. 'गुडूच' एवढाच अंश शोधल्यास दोन्ही सापडण्याची शक्यता वाढते. काही ठिकाणी 'गुडुची' असा ऱ्हस्व पाठ असतो. 'पंच' व 'पञ्च', 'शंख' व 'शङ्ख' ही रूपे संगणकाच्या दृष्टीने भिन्न शब्द आहेत. शिवाय अमृता, छिन्नरुहा ही पर्यायनामे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. पर्यायनामांचे ज्ञान वैद्याजवळच असते, ते सॉफ्टवेअर पुरवीत नाही.

स्कॅन केलेल्या ग्रंथासाठी ओसीआर करावयाचे असल्यास टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी व संस्कृत दोन्ही भाषांसाठी उपलब्ध आहे. मात्र निर्णयसागर मुद्रणालयाच्या, वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेल्या चरकसंहितेच्या १९४१ च्या आवृत्तीसारख्या ग्रंथात मूळ पाठ, चक्रपाणीची टीका व तळटिपांतील पाठभेद एकाच पानावर असतात. यंत्र त्यांची सरमिसळ करू शकते. म्हणून ओसीआरचा मजकूर हा केवळ पान शोधण्यासाठी वापरावा, आणि उद्धृत करताना पानाचे छायाचित्र पाहूनच पाठ निश्चित करावा.

५. अंकांची परीक्षा

शब्द चुकला तर वाचकाच्या लक्षात येतो, अंक चुकला तर येत नाही. देवनागरी १ व ९ हे अंक पुसट छपाईत यंत्राला सारखे वाटू शकतात. वत्सनाभयुक्त रसकल्पाची १ गुंज मात्रा ओसीआरनंतर ९ गुंज झाली, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहते. परिणाम काय होईल हे वैद्यांना सांगणे न लगे.

केवळ ओसीआरमध्येच असे घडते असे नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना अंकच बदलत होती. घराच्या नकाशातील खोल्यांची क्षेत्रफळे प्रतीमध्ये वेगळी उमटली होती, ६ च्या जागी ८ येत होता. फाइलीचा आकार लहान करण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी एकच आकृती वापरण्याची पद्धत हे त्याचे कारण होते. बदललेला अंक पुसट नव्हता, स्वच्छ व ठळक होता. म्हणून कोणास शंकाही येत नव्हती. कंपनीने पुढे दुरुस्ती उपलब्ध करून दिली. परंतु त्यातून घ्यावयाचा बोध कायम आहे. क्रिएटिनिन १.६ आणि १.८ यांतील भेद चिकित्सेत क्षुल्लक नाही.

म्हणून रुग्णाचे अहवाल स्कॅन करताना किमान ३०० डीपीआय ठेवावे, अतिसंक्षेपाचा पर्याय निवडू नये, आणि मात्रा व तपासणीचे आकडे मूळ कागदाशी ताडल्याशिवाय मूळ कागद टाकून देऊ नये. दीर्घकाळ ठेवावयाच्या फाइलींसाठी पीडीएफ-ए हा उपप्रकार २००५ साली मानक म्हणून ठरविण्यात आला. त्यात फॉन्ट फाइलीतच साठविलेले असल्याने कालांतरानेही अक्षरे जशीच्या तशी दिसतात. वर्ड व लिबरऑफिस या दोहोंत पीडीएफ काढताना हा पर्याय मिळतो.

६. रुग्णाची ओळख

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. रुग्णवृत्त प्रसिद्ध करताना किंवा सल्ल्यासाठी अन्य वैद्याकडे पाठविताना रुग्णाचे नाव झाकण्याची पद्धत आहे. बहुतेक जण त्यासाठी नावावर काळा चौकोन काढतात. पडद्यावर नाव दिसत नाही, छापील प्रतीतही दिसत नाही. परंतु चौकोन ही केवळ वर ठेवलेली आकृती असते आणि तिच्याखाली नाव तसेच राहते. तो भाग निवडून नोटपॅडमध्ये ठेवला की नाव प्रकट होते. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या खटल्यात त्यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रांतील काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी नेमका असाच वाचला. मोठमोठ्या वकिलांबाबत जे घडले ते आपल्या बाबतीत घडणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या गावी कुष्ठ, वंध्यत्व, उपदंश वा मानसव्याधी यांचे निदान उघड होणे म्हणजे रुग्णाच्या विवाहावर, नोकरीवर, घरातील स्थानावर आघात होय. रुग्ण आपणास जे सांगतो ते वैद्याच्या विश्वासावर सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे, परंतु वैद्याचे हे कर्तव्य त्या कायद्याहून कितीतरी जुने आहे.

नाव खऱ्या अर्थाने काढून टाकण्याचे मार्ग तीन. (१) मूळ वर्ड फाइलीतूनच नाव पुसून नवी पीडीएफ काढणे. हा सर्वोत्तम मार्ग होय. (२) मजकूर समूळ काढून टाकणारे 'रिडॅक्शन' हे खास कार्य असलेले साधन वापरणे. हे कार्य अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आहे, विनामूल्य रीडरमध्ये नाही. (३) कागदाच्या छायाप्रतीवर नावाच्या जागी अपारदर्शक कागद चिकटवून पुन्हा स्कॅन करणे. केवळ शाईने खोडल्यास स्कॅनमध्ये खालील अक्षरे झिरपून दिसू शकतात.

एवढ्याने काम संपत नाही. फाइलीच्या नावातच रुग्णाचे नाव असते, तेही बदलावे. फाइलीच्या गुणधर्मात, म्हणजे 'प्रॉपर्टीज'मध्ये, शीर्षक व लेखकाच्या जागी काय आहे ते पाहावे. आणि नाव काढूनही गाव, वय व व्यवसाय हे तीन तपशील एकत्र राहिले, तर लहान गावात रुग्ण ओळखू येतोच. तेथे सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही, वैद्याचे तारतम्यच उपयोगी पडते.

याच कारणास्तव, पीडीएफ जोडून देणाऱ्या किंवा लहान करून देणाऱ्या विनामूल्य संकेतस्थळांवर रुग्णाचे कागद कधीही चढवू नयेत. फाइल परक्या संगणकावर जाते व पुढे तिचे काय होते यावर आपला ताबा राहत नाही. प्रसिद्ध ग्रंथाच्या पानांसाठी अशी सेवा वापरण्यास हरकत नाही. भेद सॉफ्टवेअरचा नसून साहित्याचा आहे.

७. पासवर्ड व स्वाक्षरी

पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड लावता येतात. फाइल उघडण्यासाठीचा पासवर्ड मजकूर सांकेतिक करून ठेवतो, तो उपयुक्त आहे. केवळ छपाई वा बदल रोखणारा पासवर्ड हा वाचणाऱ्या साधनाने नियम पाळण्यावर अवलंबून असतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. रुग्णाचा अहवाल पाठविताना पहिला प्रकार वापरावा आणि पासवर्ड त्याच पत्रात न लिहिता दूरध्वनीवरून सांगावा.

स्वाक्षरीचे छायाचित्र चिकटविणे म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते चित्र कोणीही उचलून अन्य कागदावर लावू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मान्यता असलेली डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्रावर आधारित असते, व स्वाक्षरीनंतर फाइलीत बदल झाल्यास तपासणाऱ्या साधनास ते कळते. वैद्यकीय प्रमाणपत्रे पीडीएफ स्वरूपात देणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा.

८. निवडीपूर्वीची पाच परीक्षा

कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी पुढील परीक्षा कराव्यात. त्यांसाठी रुग्णाची फाइल न वापरता एखादा प्रसिद्ध लेख घ्यावा.

(१) स्कॅन केलेला मोठा ग्रंथ उघडून मधले पान काढावे. विलंब असह्य आहे का ते पाहावे.
(२) मराठीची एक ओळ नोटपॅडमध्ये उतरवून ताडावी. ही परीक्षा फाइलीची आहे तशीच साधनाचीही आहे, म्हणून तीच ओळ दुसऱ्या साधनातूनही उचलून पाहावी.
(३) एक ओळ रंगवून, टीप लिहून फाइल जतन करावी, आणि दुसऱ्या साधनात उघडून टीप दिसते का ते पाहावे.
(४) एक शब्द झाकून फाइल जतन करावी व तो भाग उचलून नोटपॅडमध्ये ठेवावा. शब्द प्रकट झाला तर ते साधन रुग्णाचे नाव झाकण्यास अयोग्य समजावे.
(५) इंटरनेट बंद करून वरील सर्व कामे होतात का ते पाहावे. होत नसल्यास फाइल बाहेर जात असल्याचा संशय घ्यावा.

या परीक्षांना अर्धा तास पुरतो. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यास वाचनासाठी एक हलके साधन, टिपणासाठी एक, पानांच्या मांडणीसाठी एक, अशी तीन विनामूल्य साधने व मूळ फाइली जपण्याची सवय एवढी सामग्री पुरेशी आहे, असे आमचे मत आहे. औषधी द्रव्य आपण पारखल्याशिवाय रुग्णास देत नाही. रुग्णाचा कागद ज्या साधनाच्या हाती द्यावयाचा तेही तसेच पारखून घ्यावे, एवढीच वैद्यबांधवांस विनंती.